दुसऱ्या कडव्यानंतरचा सांधा

मॅल्कम रेबोल्डला ते जमत नव्हतं. नोव्हेंबर लागल्यापासून रोज सकाळी दहाला तो घरामागच्या शेडमध्ये ड्रम घेऊन बसायचा आणि रोज बाराला ते न जमताच बाहेर यायचा.

जमवायचं होतं ते एका क्षणाचं काम. ‘पिट प्रॉप’ या गाण्यात दुसरं कडवं संपतं, झांज वाजते आणि लय एकदम खाली बसते. ती हळूहळू मंदावत नाही, पायाखालची फळी निघावी तशी बसते. पुढचं सगळं गाणं त्या खालच्या लयीत, पाठीवर ओझं घेतल्यासारखं चालतं. या जागेला हल्लीची पोरं ‘खड्डा’ म्हणत. फिनलंडपासून अमेरिकेपर्यंत कितीतरी बँड तो खड्डा ऐकून ऐकून शिकले होते. तो वाजवला होता मॅल्कमने, वयाच्या एकविसाव्या वर्षी. आता एकाहत्तराव्या वर्षी त्याच्याच हाताला तो सापडत नव्हता. कधी लय फार खाली जायची, कधी जायचीच नाही, आणि जायची तेव्हा घसरत जायची. फळी निघायची नाही.

“पडलास का आज खड्ड्यात?” स्वयंपाकघरातून ब्रेंडा विचारायची.

“नाही.”

“मग हात धू. निदान जेवायला तरी बस.”

बँडचं नाव होतं पिटबँक. माणसं तीनच. गिटार आणि गाणं क्लाइव्ह ट्रोमन्सचं, बेस बॅरी फॉक्सॉलचा, ड्रम मॅल्कमचे. तिघेही मध्य इंग्लंडातल्या नेदरटनचे, तिघांचेही आजे एकाच खाणीत उतरलेले. त्या खाणीतला कोळशाचा थर तीस फूट जाड होता, म्हणून अल्बमचं नाव ‘थर्टी फूट’. १९७१च्या फेब्रुवारीत एका शनिवार-रविवारी त्यांनी तो रेकॉर्ड केला. जूनमध्ये तो बाजारात आला आणि नऊशे प्रती खपून थांबला. लंडनच्या एका संगीत साप्ताहिकाने त्याला चार ओळी दिल्या. त्यातल्या दोन मॅल्कमच्या वाट्याला आल्या: ड्रमर दुसऱ्या कडव्यानंतर दमतो, आणि उरलेल्या दोघांना चिखलात ओढतो.

क्लाइव्हने त्या ओळी व्हॅनमध्ये मोठ्याने वाचून दाखवल्या. बॅरी खिडकीबाहेर बघत राहिला. ऑगस्टमध्ये क्लाइव्हने मॅल्कमला काढलं. नव्या ड्रमरबरोबर पिटबँक सात महिने टिकला.

मॅल्कमने त्या वेळी घरी रेकॉर्ड लावून पाहिली होती. एकदा नव्हे, चाळीस-पन्नास वेळा. साप्ताहिकाचं म्हणणं खरं होतं. लय पडत होती. आपण असं वाजवल्याचं त्याला आठवत नव्हतं, पण आठवणीपेक्षा रेकॉर्ड खरी, असं त्याने धरलं. ड्रम विकून तो, आधीपासून कामाला होता त्याच भट्टीवर, घणयंत्रावर लागला आणि चौतीस वर्षं पायाने तो घण पाडत राहिला. तिथे त्याच्या तालाबद्दल कुणाची तक्रार आली नाही. पण कारखान्याबाहेर त्याने कधी ताल धरला नाही. फुटबॉलच्या मैदानावर सगळे ठेका धरायचे तेव्हा तो हात खिशात घालायचा. मुलीच्या लग्नात तो नाचला नाही. गुडघा दुखतो, म्हणाला.

मागच्या मार्चमध्ये टॅम्झिन ओक्लीचं पत्र आलं. टॅम्झिन चौतीस वर्षांची. क्रॅडली हीथमध्ये एका जुन्या साखळी कारखान्याच्या गाळ्यात तिची स्वतःची छोटी रेकॉर्ड कंपनी होती, आणि ती स्वतः ड्रम वाजवायची. तिला ‘थर्टी फूट’ पन्नास वर्षांनी पुन्हा काढायचा होता. सोबत बारा पानांची पुस्तिका, आणि पुढच्या मार्चमध्ये नेदरटनच्या कामगार क्लबात रविवार दुपारचा कार्यक्रम. बॅरी दोन वर्षांपूर्वी गेला होता, त्याच्या जागी तिच्या बँडमधला मुलगा वाजवणार होता. गिटारवर क्लाइव्ह. ड्रमवर, अर्थात, मॅल्कम.

‘तुमच्या त्या एका जागेमुळे मी ड्रम शिकले,’ असं तिने लिहिलं होतं.

मॅल्कमने ते पत्र ब्रेंडाला दाखवायला दोन दिवस लावले. त्यानंतर त्याने नवा शर्ट घेतला. फोनवर अनोळखी पोरं त्याला विचारू लागली, ती लय तुम्हाला सुचली कशी? सुरुवातीला तो “चुकून” म्हणायचा. सप्टेंबरपर्यंत तो “सुचली खरी” म्हणायला लागला होता. पन्नास वर्षांची लाज सहा महिन्यांत अभिमान झाली, आणि तो अभिमान त्याच्या अंगाला चांगला बसला होता. फक्त हाताला बसत नव्हता.

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी टॅम्झिनचा फोन आला. मूळ टेप मिळाली होती, तेव्हाच्या ध्वनिमुद्रकाच्या बायकोच्या गॅरेजमध्ये. येऊन जाल का, म्हणाली.

गाळ्यात हीटर होता, तरी मॅल्कमने कोट काढला नाही.

“बसा, मॅल्कम. चहा टाकते.”

“चहा नंतर. फोनवर असा आवाज काढलास, पोरी, की मला वाटलं कुणीतरी गेलं.”

ती हसली नाही. तिने त्याला टेबलाजवळ नेलं. यंत्रावर इंचभर रुंदीच्या तपकिरी टेपचं रीळ होतं आणि टेपची दोन टोकं टेबलावर वेगवेगळी पडली होती.

“तुटली?”

“नाही. जोडलेली होती, तो जोड निघाला.” मग तिने समजावून सांगितलं. जुनी टेप कधी थेट वाजवायची नाही. आधी ती हाताने, सावकाश, पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या रिळावर घ्यायची. त्या काळी नको असलेला भाग पात्याने तिरका कापून टाकायचे आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायचे. पन्नास वर्षांत पट्टीचा गोंद वाळतो आणि जोड बोटाला लागताच सुटतो. “दोन गाण्यांच्या मध्ये जोड असतातच. हा गाण्याच्या पोटात निघाला.”

“कुठल्या गाण्याच्या?”

टॅम्झिनने टेपच्या खोक्यातला कागद त्याच्यासमोर ठेवला. पेन्सिलीचं अक्षर अजून वाचता येत होतं. पिट प्रॉप. टेक तीन, दुसऱ्या कडव्याअखेरपर्यंत. झांजेपासून पुढे टेक पाच. खाली जोड केल्याची तारीख, सोमवार, ८ फेब्रुवारी.

त्या सोमवारी सकाळी सहापासून मॅल्कम भट्टीवर कामाला होता. क्लाइव्ह आणि बॅरीला सुट्टी होती.

त्याने कागद दोनदा वाचला. समजायला एकदाच पुरे होतं. चौतीस वर्षं त्याने पोलाद हाताळलं होतं. सांधा म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

“तिसरा टेक जेवणाआधीचा,” तो म्हणाला. “पावणेबाराचा असेल. मग आम्ही शेजारच्या पबात गेलो. बाराला उघडायचा, दोनला बंद. फॅगटचे जड मांसगोळे आणि वाटाणे खाल्ले, वर प्रत्येकी तीन ग्लास माइल्ड बिअर. पाचवा त्यानंतरचा.”

“मी मोजलं. आधी मिनिटाला शहात्तर ठोके, नंतर एकोणसत्तर.”

“जेवून सुस्तावलो होतो तिघंही.”

“हो.”

“म्हणजे तो खड्डा कुणी वाजवलाच नाही.”

मॅल्कमने टेपचं एक टोक उचललं, मग दुसरं, आणि दोन्ही होती तशीच परत ठेवली.

“तिसऱ्याचा पुढचा भाग का कापला?”

“तो फेकलेला नाही. रिळाच्या शेवटी जोडून ठेवलाय. मी काल ऐकला. तुम्हाला ऐकायचा आहे का, हे विचारायलाच बोलावलं.”

तिने तो लावला. दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ, झांज, आणि ड्रम तसेच पुढे निघाले, त्याच चालीने. सात-आठ मात्रांनंतर बॅरीचा बेस चुकला. त्याने सावरायचा प्रयत्न केला आणि आणखी चुकला. गिटार गोंधळली, थांबली. बेसही थांबला. ड्रम थांबले नाहीत. दोघं सोबत नसताना एकवीस वर्षांचा मॅल्कम एकटा वाजवत राहिला. एक आवर्तन, दुसरं, तिसरं, तसूभर इकडेतिकडे नाही. शेवटी दुरून क्लाइव्हचा आवाज आला, “बस कर, मॅल, पोहोचलं तुझं! बॅझ, मेल्या, कुठे भरकटलास?” बॅझ म्हणजे बॅरी. मग तिघांचं हसणं. मग टेप संपली.

मॅल्कम कोटाच्या गुंड्यांशी चाळा करत बसला. “पुन्हा लाव,” म्हणाला. तिने चार वेळा लावला.

“मला सतरावं होतं,” टॅम्झिन म्हणाली, “तेव्हा ती जागा बसवायला मला चार महिने लागले. बोटांना फोड आले होते.”

“आणि बसली?”

“बसली.”

“मला महिनाभरात नाही बसली.” तो कोपऱ्यातल्या ड्रमकडे बघत होता. “वाजव.”

तिला वाजवायचं नव्हतं, पण ती उठली. दुसऱ्या कडव्याची चाल धरली, झांज मारली आणि फळी निघाली. अगदी रेकॉर्डसारखी. मॅल्कमने मान हलवली. मुळात कुणीच न वाजवलेली गोष्ट ही पोरगी रेकॉर्डवरून शिकून खरोखर वाजवत होती.

“पुस्तिका शुक्रवारी छपाईला जाते,” ती काठ्या खाली ठेवत म्हणाली. “त्यात पाच पानं तुमच्या हाताबद्दल आहेत. तुम्ही सांगाल तसं करते. खरं लिहायचं तर खरं लिहिते.”

“खरं लिहिलंस तर काय होईल?”

“लोक येतील. पण कमी येतील. आणि जे येतील ते त्या जागेसाठी येणार नाहीत.” थोडं थांबून ती म्हणाली, “दुसरं काय आहे त्या अल्बममध्ये, ते मलाही नीट सांगता येत नाही. मी ती एकच जागा ऐकत आले.”

घरी आल्यावर मॅल्कमने ब्रेंडाला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. तिने सोलणं थांबवलं नाही.

“म्हणजे चूक तुझी नव्हती.”

“नव्हती.”

“आणि ती सुचलीबिचली जी काय होती, तीही नव्हती.”

“तीही नव्हती.”

“वा.” तिने एक बटाटा पातेल्यात टाकला. “डॉनाच्या लग्नात मी तुझ्या भावाबरोबर नाचले, मॅल. लोकांना सांगत होते, याचा गुडघा दुखतो. मला माहीत होतं गुडघ्याला काही झालेलं नाही. आणि तू मला आज सांगतोस की तिघांनी पोट भरून फॅगट खाल्ले होते?”

“मला आजच कळलं.”

“तेच तर.” पुढचा बटाटा तिने जरुरीपेक्षा खोल सोलला. “क्लाइव्हला तेव्हापासून माहीत असणार. जा, विचार त्याला.”

क्लाइव्ह किनव्हरला एका बैठ्या घरात एकटा राहायचा. दार उघडायला त्याला वेळ लागला. मागच्या दोन वर्षांत त्याची छाती पार गेली होती. सोफ्यापासून दारापर्यंत आला तरी त्याला चौकट धरावी लागे. गिटार सोफ्यावर पडली होती.

“बघ कोण आलं,” तो म्हणाला. “जगप्रसिद्ध खड्डेवाला. ये, लेका. पाय पूस.”

“सांधा होता, क्लाइव्ह.”

क्लाइव्हने विचारलं नाही, कसला सांधा. तो आधी बसला, मग दोन वेळा श्वास घेतला.

“मला वाटलं तुला बॅझने सांगितलं असेल.”

“बॅझने नाही सांगितलं.”

“त्याची चूक झाकायला कापलं होतं. बेस हुकला होता त्याचा. विनवण्या करत होता. मी म्हटलं, काप. पाचव्यात सुरुवातीला माझा गळा फाटला होता, मलाही ते सोयीचं होतं.”

“आणि व्हॅनमध्ये तू ते वाचून दाखवलंस.”

“दाखवलं.”

“मोठ्याने.”

“मॅल, मी बावीस वर्षांचा होतो. अल्बम पडला होता. कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटायला हवं होतं.” त्याला खोकला आला. तो जाईपर्यंत मॅल्कमने खिडकीतून समोरच्या टेकडीकडे पाहिलं. “हे बघ, माफी मागायची तर मागतो. पण एक सांग. पन्नास वर्षं तोंड पाडून बसलास. आता कुठे त्याच गोष्टीसाठी लोक तुझ्या पाया पडताहेत, तर तू ती परत करायला निघालास? कुणाला परत करणार? बॅझला?”

“ती माझी नाही.”

“अरे, कुणाचीच नाही, म्हणून तर तू ठेव!” क्लाइव्हने गिटारवर हात ठेवला. “डॉक्टर म्हणतो पुढचा हिवाळा बघेन असं नाही. मला एकदा त्या क्लबात उभं राहायचंय, लोक गच्च भरलेले. झांज वाजावी, आपण खाली बसावं, आणि त्यांनी ओरडावं. एवढंच. त्यानंतर तू काय छापायचं ते छाप. माझ्या थडग्यावर छाप.”

मॅल्कम चहा न घेता निघाला. शुक्रवारी सकाळी त्याने टॅम्झिनला फोन केला.

“सांध्याचं लिहू नकोस. पण माझ्या हाताबद्दल जे लिहिलंयस ते काढून टाक.”

“मग तुमच्याबद्दल काय लिहू?”

“ड्रम्स, मॅल्कम रेबोल्ड. पुरे.”

मार्चपर्यंत तालमी तीन झाल्या. प्रत्येक वेळी झांजेनंतर मॅल्कम ओढूनताणून खाली आला. वाईट आला, घसरत आला, पण आला. “चालेल,” क्लाइव्ह म्हणायचा, “म्हाताऱ्यांना लोक माफ करतात.” टॅम्झिनने तिसऱ्या टेकच्या उरलेल्या भागाची एक प्रत मॅल्कमला दिली होती. शेडमध्ये तो तीच लावायचा, आणि त्या प्रतीसोबत वाजवायला त्याला एक दिवसही अडचण आली नाही.

२० मार्चला, रविवारी दुपारी दोनला, नेदरटनच्या क्लबात दोनशेदहा माणसं होती. एवढी तिथे मावतही नाहीत. काळे शर्ट घातलेली पोरं जर्मनीहून आली होती. म्हातारे नेहमीच्या टेबलांवर, आपल्या जागा गेल्याची कुरकुर करत बसले होते. ब्रेंडा आणि डॉना दाराजवळ होत्या. क्लाइव्हने स्टूल नाकारलं होतं. तो उभा होता. पहिली पाच गाणी बरी गेली. मग क्लाइव्हने माइकजवळ येऊन नुसतं “पिट प्रॉप” म्हटलं, आणि समोरची सगळी पोरं दोन पावलं पुढे सरकली.

पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात क्लाइव्हचा आवाज चिरका झाला, पण टिकला. शेवटची ओळ आली. मॅल्कमला समोरची तोंडं दिसत होती, अर्धवट उघडी, ओरडायला तयार. त्याने झांज मारली.

आणि तो खाली आला नाही.

हात चुकला नव्हता. झांज मारण्याच्या आधीच्या मात्रेवर त्याला नक्की माहीत होतं की आपण आता काय करणार आहोत. शहात्तर. क्लाइव्ह सवयीने खाली बसला, बेसवाला मुलगा त्याच्या मागोमाग, आणि दोन आवर्तनं तिघं तीन ठिकाणी होते. क्लाइव्हने मान वळवली. मॅल्कमने त्याच्याकडे पाहिलं आणि वाजवत राहिला. बेसवाला वर आला. मग क्लाइव्हला यावंच लागलं.

पुढे गिटारचं एकट्याचं वादन होतं. एकोणसत्तरला ते क्लाइव्हच्या बोटांना झेपलं असतं. शहात्तरला झेपलं नाही. सूर सुटू लागले, आधी एखादा, मग दोन-तीन सलग. मॅल्कमला प्रत्येक सुटलेला सूर ऐकू येत होता. मिनिटाला सात ठोक्यांचा तर प्रश्न होता. नुसता पाय सैल सोडला असता तरी क्लाइव्ह वाचला असता. मॅल्कमने पाय सैल सोडला नाही. क्लाइव्हने शेवटची बारा आवर्तनं नुसते तीन सूर आलटून पालटून वाजवत काढली, डोळे फरशीवर ठेवून. आणि गाणं संपलं.

टाळ्या पडल्या. वयस्कर माणसांसाठी वाजवतात तशा, थोड्या लवकर सुरू झालेल्या आणि थोड्या जास्त लांबलेल्या. काळ्या शर्टातली पोरं एकमेकांकडे बघत होती. टॅम्झिन भिंतीला टेकून उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती मॅल्कमकडे एकटक बघत होती आणि तिचे ओठ आकडे मोजावेत तसे हलत होते.

उरलेली दोन गाणी त्यांनी वाजवली. मॅल्कम पायऱ्या उतरला तेव्हा एका पोराने त्याचा खांदा थोपटला. “काही हरकत नाही, आजोबा. एवढ्या वर्षांनी विसरणारच की.”

“विसरलो नाही,” मॅल्कम म्हणाला. पोरगा समजूतदारपणे हसला आणि बारकडे गेला.

मागच्या खोलीत क्लाइव्ह खुर्चीत बसून गिटार पेटीत ठेवत होता. पेटीची कडी त्याला तिसऱ्या खेपेला लागली.

“एकच मागितलं होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“माझी शेवटची वेळ होती, मॅल.”

“माझी पहिली होती.”

क्लाइव्हने वर पाहिलं. तो काहीतरी बोलणार होता, पण खोकला आला, आणि या वेळी तो लवकर थांबेना. मॅल्कमने पाण्याचा ग्लास आणून त्याच्या हातात दिला, आणि तो सांडतोय असं दिसल्यावर स्वतः धरला. खोकला थांबल्यावर क्लाइव्हने ग्लास बाजूला सारला आणि पालथ्या हाताने तोंड पुसलं.

“बहिणीचा मुलगा येतोय घ्यायला,” तो म्हणाला. “तू जा.”

मॅल्कम गेला. ब्रेंडा गाडीपाशी उभी होती. किल्ली तिच्याकडे होती. तीच गाडी चालवायला बसली.